पैसे काढायला आधी पैसे मागतात, तिथं पैसे नसतातच

प्रश्न : मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते. आमचे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या भाच्यानं त्यांना व्हॉट्सॲपवरच्या एका क्रिप्टोच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथं एक ‘सर’ रोज रात्री आठला कुठलं कॉइन घ्यायचं ते सांगतात आणि त्यांच्या मदतनीस मॅडम दिवसभर मेसेजला उत्तरं देतात. ॲप त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून घेतलं. आधी २० हजार भरले. पंधरा दिवसांत ९ हजार फायदा बँकेत आला आणि मालकांचा विश्वास बसला. चार महिन्यांत फंडातले ४ लाख ६० हजार गेले. ॲपमध्ये आता १३ लाख २० हजार दिसतात. तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न आहे म्हणून पैसे काढायला गेलो, तर मॅडम म्हणतात, फायद्यावरचा ३० टक्के सरकारी कर, २ लाख ५८ हजार, आधी भरा, नाहीतर सात दिवसांत खातं गोठेल. मालक म्हणतात, तुझा साज आणि पाटल्या तारण ठेवू, पैसे आले की सोडवू. मी पासबुक बघितलं तर दर वेळी वेगळ्याच नावावर पैसे गेलेत. एकदा कुठल्या एंटरप्रायझेसला, एकदा फळांच्या दुकानाला, शेवटचे ६० हजार गेल्या आठवड्यात एका बाईच्या खात्याला. माझ्या भिशीतल्या दोघींनीही आमच्याकडं बघून पैसे घातलेत. मालकांना काही बोललं की चिडतात. साज देऊ का? भाच्यानं आम्हाला फसवलं असेल का?
– एक भगिनी, फुलेवाडी

उत्तर :

ताई, साज देऊ नका. पाटल्याही देऊ नका, आणि कुणाकडून उसने घेऊन, सोसायटीचं कर्ज काढूनही भरू नका. यापुढं एक रुपयासुद्धा त्या ॲपकडं जाता कामा नये. सात दिवसांची मुदत तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून घातलेली आहे. ती टळून गेली तरी तुमचं काही बिघडणार नाही.

३० टक्के कराची गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती वापरली जाते. १ एप्रिल २०२२ पासून आपल्या देशात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, वर ४ टक्के उपकर. मालकांनी हे कधीतरी बातम्यांत ऐकलं असणार, त्यामुळं मॅडमचं बोलणं त्यांना पटलं. पण हा कर ज्याचा त्यानं आपल्या पॅनवर, आयकर खात्याच्या पोर्टलवरून चलन काढून थेट सरकारकडं भरायचा असतो. कुठलंही ॲप तो ग्राहकाकडून गोळा करत नाही. एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, कापतं तो १ टक्का टीडीएस, जुलै २०२२ पासून, आणि तोही विक्रीच्या रकमेतूनच वळता होतो. ती कपात मालकांच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कपातीच्या नोंदीत, दिसायला हवी. ज्या कर सल्लागाराकडं त्यांनी रिटायर होताना फंडाचे कागद दाखवले असतील, त्याला तो फॉर्म काढायला सांगा. चार महिन्यांत लाखोंची खरेदी-विक्री झाली म्हणतात, तर निदान एक नोंद तरी हवी. ती नसेल.

साखर कारखाना ऊसबिल देताना सोसायटीची कपात बिलातूनच करतो. ‘आधी कपातीचे पैसे रोख आण, मग बिल देतो’ असं कुठला कारखाना शेतकऱ्याला म्हणाला आहे? १३ लाख २० हजार खरोखर तिथं असते, तर त्यातले २ लाख ५८ हजार कापून उरलेले द्यायला कुणाची आडकाठी असती? मालकांना मॅडमला हा एकच प्रश्न विचारू द्या (पण आधी मी खाली सांगते ते पुरावे गोळा करून). उत्तरं ठरलेली असतात. नियमात बसत नाही, मनी लाँडरिंगची तपासणी चालू आहे, कर बाहेरच्या खात्यातूनच यावा लागतो. आणि तुम्ही कर भरलात, तर पुढच्या आठवड्यात ‘खातं पडताळणीची अनामत’ येते, त्यानंतर ‘गोठलेलं खातं सोडवण्याची फी’. साज संपला की घराच्या कागदपत्रांपर्यंत गोष्ट जाते. अशा माणसाला ते सोडत नाहीत, कारण आधीचे पैसे वाचवायच्या ओढीनं तो भरत राहतो हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आता तुम्ही पासबुकात जे पाहिलंत त्याकडं वळते. सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे आणि ती तुम्ही स्वतः शोधलीत. खऱ्या एक्स्चेंजवर माणूस पैसे भरतो तेव्हा ते त्या कंपनीच्या खात्यात जातात, दर वेळी त्याच नावानं. तुमच्या पासबुकात एंटरप्रायझेस आहे, फळांचं दुकान आहे, कुणी बाई आहे. ही भाड्यानं घेतलेली खाती. पोलीस त्यांना म्युल अकाउंट म्हणतात. गरजू पोराला, मजुराला, बुडीत निघालेल्या छोट्या दुकानदाराला चार-पाच हजार किंवा टक्केवारी देऊन त्याचं खातं, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेलं सिम ताब्यात घेतात. तुमचे पैसे तिथं पडले की काही मिनिटांत दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात जातात. शेवटी कुणीतरी त्यातून टेदर विकत घेतं. टेदर म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो. ते एकदा परदेशातल्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटात, गेलं की बँकेसारखा कुणी मधला माणूस ते परत फिरवू शकत नाही.

म्हणजे बघा, चार महिन्यांत मालकांनी एक पैशाचंही क्रिप्टो घेतलेलं नाही. त्यांच्या पैशातून क्रिप्टो घेतलं ते चोरांनी. मालकांच्या फोनमध्ये जे आहे ते एक चित्र आहे. त्यात भावाचा आलेख हलतो, आकडा वाढतो, हिरवा होतो, पण तो आकडा कुणीतरी मागं बसून टाइप केलेला आहे. सुरुवातीला आलेले ९ हजार हे आमिष होतं, मालकांसारख्याच दुसऱ्या कुणाच्या तरी भरण्यातून दिलेलं. या धंद्यात पहिल्यांदा पैसे काढू देतात. ‘मी स्वतः काढून बघितलेत’ हे वाक्य माणसाच्या तोंडी आलं की पुढं त्याला कुणी समजावू शकत नाही, आणि तोच चार जणांना सांगतो.

हे मालकांना कसं पटवायचं ही तुमची खरी अडचण आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ते चिडतात, कारण आतून त्यांना शंका आली आहे आणि ती मान्य केली तर लेकीच्या लग्नाचे पैसे गेले हेही मान्य करावं लागतं. आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून जमवलेला फंड आहे तो. ‘मी तेव्हाच सांगत होते’ हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना तपासणी करू द्या. ॲपवाल्यांना म्हणावं, माझं टेदर मला माझ्या वॉलेटमध्ये पाठवा, निदान शंभर रुपयांचं, आणि त्या व्यवहाराचा हॅश द्या. खऱ्या व्यवहाराला असा ६४ अक्षरं-आकड्यांचा क्रमांक असतो आणि ट्रॉनस्कॅन किंवा इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळावर तो टाकला की जगातल्या कुणालाही दिसतो. चोर तो देत नाहीत, किंवा कसला तरी स्क्रीनशॉट पाठवतात. मालकांचा एखादा विश्वासातला माणूस असेल, जुना सुपरवायझर, बँकेतले साहेब, तर त्यालाही सोबत बसवा. बायकोचं ऐकलं असं वाटण्यापेक्षा आपण शोधून काढलं असं वाटलं, तर पुढची पावलं ते स्वतः टाकतील.

पण त्याआधी, आजच, पुरावे जपून ठेवा. चोरांना सुगावा लागला की ते ग्रुपमधून काढून टाकतात, चॅट पुसतात, ॲपही बंद पडतं. ग्रुपचं नाव, सभासदांची यादी, सरांचा आणि मॅडमचा नंबर, कर मागितलेला मेसेज, ॲपमधली शिल्लक, ॲप ज्या लिंकवरून घेतलं ती लिंक, या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि तुमच्या किंवा मुलीच्या फोनवर पाठवा. बँकेतून चार महिन्यांचं स्टेटमेंट घ्या आणि गेलेल्या प्रत्येक रकमेसमोरचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला ओळखक्रमांक, पेनानं अधोरेखित करा.

मग १९३० वर फोन लावा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. लाइन लागत नसेल तर पुन्हा पुन्हा लावा, किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पत्ता नीट टाइप करा, गुगलवर शोधून पहिल्या दिसणाऱ्या नंबरवर फोन करू नका, तिथंही बनावट ‘सायबर हेल्पलाइन’ पेरलेल्या असतात. फोनवर आधी गेल्या आठवड्यातल्या ६० हजारांचं सांगा. चार महिन्यांपूर्वीची रक्कम बहुधा कधीच पुढं गेली असेल, पण ताजी रक्कम एखाद्या खात्यात अडकून राहिलेली असू शकते. तक्रार गेली की बँका एकमेकींना कळवून ती रोखून धरू शकतात. अशी रोखलेली रक्कम पुढं परत मिळू शकते. सगळे पैसे परत येतील असं मी म्हणणार नाही. बरेचदा थोडेच येतात, कधी काहीच येत नाहीत. तरी तक्रार करा, आणि उद्यावर टाकू नका.

फोननंतर आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात सगळी कागदपत्रं घेऊन जा. हद्द कुणाची म्हणून कुणी फिरवलं, तर तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते हे शांतपणे सांगा. मालकांच्या फोनमधलं ते ॲप प्ले स्टोअरवरून आलेलं नाही, त्यामुळं ते ओटीपीचे मेसेज वाचत असेल अशी शक्यता धरून चला. त्या फोनवरून बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार बंद करा, दुसऱ्या फोनवरून पिन आणि पासवर्ड बदला. ॲप मात्र पोलिसांना दाखवेपर्यंत काढू नका. केवायसी म्हणून आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि काही महिने सिबिल अहवाल बघत राहा, तुमच्या नावावर कर्ज निघालेलं नाही ना ते कळेल.

भाच्याबद्दल. तो चोर असेलच असं मला वाटत नाही. पैसे पोचतात ते बहुतेक वेळा अशाच नात्यातल्या, भल्या माणसांच्या हातून, कारण परक्याच्या शब्दावर ४ लाख ६० हजार कोण देईल? त्याचेही अडकले असण्याची शक्यता जास्त. पण त्याला समोर बसवून स्पष्ट विचारा. माणसं आणल्याबद्दल बोनस घेतला का? आपलं बँक खातं कुणाला वापरायला दिलं का? बोनस घेतला असेल तर इथून पुढं एकही माणूस जोडायचा नाही आणि तक्रारीत ते स्वतःहून सांगायचं. खातं दिलं असेल तर प्रकरण गंभीर आहे, त्या खात्यातून इतरांचे पैसे फिरले असतील आणि पोलीस त्याच्या दारी येतील. त्यानं वकील गाठून स्वतः ठाण्यात जावं. मामा-भाच्याचं नातं जपायचं म्हणून हे झाकून ठेवलं, तर दोघंही अडचणीत येतील.

भिशीतल्या दोघींना आज संध्याकाळीच सांगा. मला माहीत आहे, हे सर्वांत जड जाणार. गल्लीत काय म्हणतील, लेकीच्या सासरी कळलं तर काय, हे सगळं मनात येणार. पण तुम्ही गप्प राहिलात आणि त्यातल्या एकीनं उद्या मंगळसूत्र मोडून ‘कर’ भरला, तर ते तुम्हाला आयुष्यभर सलेल. शिवाय तिघींनी मिळून, आपापल्या स्टेटमेंटसह तक्रार केली तर तपासाला जोर येतो. एकाच म्युल खात्यात तिघींचे पैसे गेले असतील तर ते जोडता येतं.

आणि फसलो म्हणजे आपण अडाणी ठरलो असं मनात आणू नका. २०१५ च्या सुमारास गेनबिटकॉइन नावाची योजना निघाली, बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या. पुण्यात त्याचे गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये सूत्रधार अमित भारद्वाजला अटक झाली, पुढं तपास सीबीआयकडं गेला. त्यात शिकलेली, पगारदार माणसंही होती. वनकॉइनच्या नावाखाली तर जगभरातून पैसे गोळा झाले आणि त्यामागं खरं ब्लॉकचेनच, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांची सगळ्यांना तपासता येणारी नोंदवहीच, नव्हतं. तिची प्रमुख रुजा इग्नातोवा २०१७ पासून बेपत्ता आहे, एफबीआयनं २०२२ मध्ये तिला सर्वाधिक हव्या असलेल्या दहा फरारींच्या यादीत टाकलं. आपल्या जिल्ह्यातही ट्रेडिंगच्या नावावर महिन्याला टक्केवारी देतो म्हणणाऱ्या कंपन्यांनी घरंच्या घरं बसवली, आणि तिथंही एजंट म्हणजे ओळखीपाळखीचीच माणसं होती. प्रत्येक ठिकाणी पहिल्या काही जणांना पैसे वेळेवर मिळाले, आणि बाकीच्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघून घातले.

क्रिप्टो म्हणजे सगळी लबाडीच का, असं मालक विचारतील. तसं नाही. त्याची खरेदी-विक्री आपल्याकडं बेकायदा नाही, पण त्याला रिझर्व्ह बँकेचं किंवा सेबीचं संरक्षणही नाही. म्हणून एखादं क्रिप्टो ॲप ‘सेबी नोंदणीकृत’ असं प्रमाणपत्र दाखवत असेल, तर तेवढ्यावरूनच ते खोटं समजा, सेबी क्रिप्टो एक्स्चेंजची नोंदणीच करत नाही. मार्च २०२३ पासून इथं धंदा करणाऱ्या एक्स्चेंजना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडं, म्हणजे एफआययू-इंडियाकडं नोंदणी सक्तीची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससारख्या बड्या परदेशी कंपनीलाही त्यावरून नोटीस गेली होती. नोंदणी असली तरी भाव पडतात, एक्स्चेंजवर हॅकिंगही होतं. लग्नाचा, आजारपणाचा, म्हातारपणाचा पैसा तिथं घालू नये असं माझं ठाम मत आहे.

बाकीचे प्रकार थोडक्यात, कारण एकदा फसलेल्या घराकडं ते पुन्हा वळतात. वॉलेट उघडायचे १२ किंवा २४ गुप्त शब्द कुणी मागितले, मग तो स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवो, तरी द्यायचे नाहीत, ते शब्द ज्याच्याकडं त्याचे पैसे. एखाद्या बड्या उद्योगपतीचा चेहरा लावून ‘एक कॉइन पाठवा, दोन घ्या’ सांगणारा व्हिडिओ बनवलेला असतो. आणि कुणी ‘तुमच्या खात्यावर पैसे घेतो, टेदर घेऊन पाठवा, दर व्यवहाराला कमिशन’ म्हणालं, तर ते पैसे तुमच्यासारख्याच कुणाचे तरी असतात आणि खातं गोठतं ते तुमचं.

तक्रारीनंतर काही दिवसांत मालकांना फोन येईल. पलीकडचा माणूस मराठीतही बोलेल, स्वतःला सायबर अधिकारी, वकील किंवा ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ म्हणवेल, किती रक्कम गेली ते अचूक सांगेल, आणि म्हणेल, पैसे सापडलेत, सोडवायला २५ हजार फी लागेल. रक्कम त्याला कळते, कारण फसलेल्यांच्या याद्या या टोळ्यांमध्ये विकल्या जातात, बऱ्याचदा तीच टोळी फोन करते. पोलीस रक्कम परत मिळवून द्यायला फी घेत नाहीत. हे मालकांना आत्ताच सांगून ठेवा, फोन आल्यावर सांगायला उशीर झालेला असेल.

मालकांना एकटं बसू देऊ नका. पैसे गेल्याचा धक्का आणि भाच्याला, भिशीला आपल्यामुळं झळ बसली ही बोच, दोन्ही एकदम येतील. झोप उडाली, जेवण तुटलं, ‘माझं काही खरं नाही’ असं बोलू लागले, तर टेलीमानसच्या १४४१६ वर फोन करा, ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. लग्नाचं, हॉलचा खर्च कमी होईल, जेवणावळ छोटी होईल. व्याह्यांना आधीच खरं सांगितलंत तर बोलणी सोपी जातील, नंतर दुसऱ्याकडून कळलं तर जड जाईल. मालकांची तयारी झाली की त्यांनी स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसा.

आणि १९३० वर नोंद झाली की एक पोचक्रमांक मिळेल. तो वहीत लिहा, स्टेटमेंटच्या प्रतीवर लिहा, आणि पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन तपास कुणाकडं दिलाय ते नाव विचारून या.